ओटीची ज्वारी

सोमवार, २३ मे १९८३. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी माझ्या पत्नीने स्वयंपाकघराचे दार लावून आतून कडी घातली. सूनबाईचे लग्न दहा वाजता होते.

सूनबाई म्हणजे माझ्या थोरल्या मुलाची विधवा. मुलाला जाऊन दहा वर्षे झाली होती. तिचे हे दुसरे लग्न मी ठरवले होते. आमच्या घरून, आमच्या अंगणात, दिवसाउजेडी. पत्नीने त्याला नको म्हटले नव्हते. हो देखील म्हटले नव्हते. आदल्या दिवशी ती एकच वाक्य बोलली होती, "मी भायेर येणार न्हाई." कडीचा आवाज मी अंगणात उभा राहून ऐकला. घड्याळ पाहण्याची मला सवय आहे, म्हणून वेळ लक्षात राहिली.

त्या काळी मी उदगीरच्या मोंढ्यात मापाडी होतो. आडतीवर आलेल्या धान्याचे वजन करणे हे माझे काम. काट्याची जीभ मधोमध स्थिर होईपर्यंत मी हात लावत नसे आणि कोणाला लावू देत नसे. मूळचा मी शेतकरी. अहमदपूरच्या बाजूला आमचे गाव, काळी जमीन आणि एक विहीर. त्या विहिरीमुळे आम्ही गाव सोडले. ते एकदा सांगून टाकतो.

बहात्तर साली पाऊस झाला नाही. पौषापर्यंत विहिरीचे पाणी इतके खाली गेले की काठावरच्या तेलाच्या इंजिनाला ते ओढता येईना. इंजिन विहिरीत उतरवायचे मी ठरवले. त्या वर्षी पुष्कळांनी तसे केले होते. तिपाई उभारून, दोर बांधून, आठ माणसांनी ते पाच परस, म्हणजे पाच पुरुषांच्या उंचीइतके खाली, एका कपारीवर नेऊन बसवले. खोल विहिरीत वारा नसतो आणि इंजिनाचा धूर वर न येता साचून राहतो, हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी माहीत नव्हते. दुपारी इंजिन बंद पडले. काय झाले ते पाहायला थोरला उतरला. हाकेला ओ आली नाही. धाकटा त्याच्या मागे उतरला. तो सतरा वर्षांचा होता. मी कमरेला दोर बांधत होतो तेव्हा गावातल्या तिघांनी मला धरून ठेवले. त्या तिघांचे बरोबर होते. त्यांच्याशी मी पुन्हा बोललो नाही.

आमच्यात दहन नाही. देह बसवून पुरतात, गळ्यातले लिंग तळहातावर ठेवून. दोघांना शेतात वरच्या बांधाला शेजारी शेजारी बसवले. जमीन इतकी वाळली होती की खड्ड्यांना कुदळ पुरली नाही, पहारी आणाव्या लागल्या. संध्याकाळी सूनबाईचे कुंकू पुसायचे होते. ते काम घरातल्या जुन्या विधवेचे असते. आमच्या घरात तशी कोणी नव्हती. पत्नीने ते आपल्या पदराने पुसले. सूनबाईच्या लग्नाला तेव्हा चौदा महिने झाले होते. वय एकोणीस.

तिचा भाऊ तिला न्यायला आला. ती गेली नाही. कारण तिने सांगितले नाही, आम्ही विचारले नाही.

पुढच्या चैत्रात जमीन बटईने देऊन आम्ही तिघे उदगीरला आलो. खोल्या पाहात फिरलो, तेव्हा पत्नीने प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला, "नळ हाय का?" आवारात आड असलेली दोन चांगली घरे आम्ही सोडली. जिथे गल्लीच्या टोकाला सार्वजनिक नळ होता ते घर घेतले. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे अंगण, मागे परसदार. या घरात दहा वर्षे गेली. मी मोंढ्यात जात असे. पत्नी धान्य निवडत असे, आमचे आणि शेजाऱ्यांचेही. सुपाचा आवाज थांबला की ती झोपली असे समजावे. सूनबाई शिवणकाम शिकली आणि पाणी भरत राहिली. विहिरीविषयी कोणी बोलत नसे. मुलांची नावे आम्ही उच्चारत नसू. याला मी तेव्हा सावरणे समजत होतो.

ब्याऐंशी सालीही पावसाने ओढ दिली. दिवाळीनंतर नळाला एक दिवसाआड पाणी येऊ लागले, तेही संध्याकाळी साडेपाचला, तासभर. एके दिवशी मोंढ्यातून लवकर परतताना मी ती रांग पाहिली. सूनबाईची घागर पहिली होती. तिच्या मागे नव्या लग्नाची एक मुलगी घागर घेऊन येऊन उभी राहिली. सूनबाईने आपली घागर उचलली आणि शेवटी नेऊन ठेवली. तिला कोणी काही म्हणाले नव्हते. कोणी तिच्याकडे पाहिलेही नव्हते. पहिले पाणी सवाशिणीने भरावे, विधवेने नाही, हे तिच्या हातांना इतके सवयीचे झाले होते की ते करताना तिचे शेजारणीशी चाललेले बोलणेसुद्धा थांबले नाही.

त्या संध्याकाळी मी ठरवले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लातूर जिल्हा झाला होता. तोवर आम्ही उस्मानाबादचे. नव्या जिल्ह्याची नवी कचेरी, त्यामुळे इकडून तिकडून कारकुनांच्या बदल्या लातूरला होत होत्या. असाच एक कारकून नांदेडहून आला होता. मूळचा देगलूरचा, आमच्याच समाजाचा, वय छत्तीस. बायको दोन वर्षांपूर्वी वारलेली, सहा वर्षांची एक मुलगी. आडतीवरच्या एका व्यापाऱ्याने त्याची माहिती दिली. मी लातूरला जाऊन त्याला पाहून आलो. त्याची खोली झाडलेली होती आणि तो कमी बोलत होता. मी त्याला घरी यायला सांगितले.

तो मुलीला घेऊन आला. मुलीची वेणी एका बाजूला ओढलेली, टोकाला रिबिनीऐवजी पुडीचा दोरा. मी आणि तो बोलत बसलो. सूनबाईने चहा आणून ठेवला, मुलीला समोर बसवले, वेणी सोडली आणि नीट घातली. दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत.

पाहुणे गेल्यावर मी तिला विचारले, "तुझं काय म्हणणं आहे?"

ती म्हणाली, "मामा, त्या पोरीची वेणी कोण घालतंय?"

"बाप."

"वाकडी घालतेत." मग चहाचे कप उचलत म्हणाली, "आत्याला दुखवून मी जाणार न्हाई. त्यांनी पाठवलं तर जाईन."

आत्या म्हणजे माझी पत्नी.

त्या रात्री जेवताना मी पत्नीला सांगितले. तिने भाकरी माझ्या ताटात टाकली आणि विचारले, "ठरवलंव?"

"ठरवलं."

"त्याला इचारलंव का?"

"कुणाला?"

"ज्याची बायको हाय त्याला."

पुढच्या रविवारी मी गावी गेलो. दहा वर्षांत दुसऱ्यांदा. वरच्या बांधाला तासभर बसलो. परत आल्यावर तिने पाणी दिले आणि विचारले, "काय बोललाव?"

"काही नाही. वाळलेलं गवत उपटलं."

"दोघांवरचं?"

"दोघांवरचं."

ती आत गेली. आतूनच म्हणाली, "ज्या हातानं पुसलं त्या हातानं मला लावता येणार न्हाई. तुमी दुसरी सवाशीण बघा."

येथे आमची रीत सांगणे भाग आहे. विधवेचे लग्न आमच्यात नवे नाही. त्याला म्होतूर म्हणतात. पण म्होतूर अंधार पडल्यावर उरकायचे. वाजंत्री नाही, बोलावणे नाही, सवाशिणींनी त्या जोडप्याचे तोंड पाहायचे नाही. उजाडायच्या आत नवऱ्याने तिला घेऊन गावाबाहेर पडायचे. म्हणजे धर्म लग्नाला संमती देतो आणि समाज ते लपवायला सांगतो. मला हे मान्य नव्हते. माझ्या घरातून काही चोरीला जात नव्हते.

मी जंगम स्वामींकडे गेलो. ते वयाने माझ्याहून मोठे, शब्दाला पक्के.

"लग्नाला हरकत नाही," ते म्हणाले. "पण दिवसा?"

"दिवसा."

"लोकं?"

"लोकांना दिवसा दिसतं."

ते हसले नाहीत. म्हणाले, "मंत्र मी म्हणतो. पण हळदकुंकू लावायला आन् ओटी भरायला सवाशीण पाहिजे. ते काम माझं नाही, तुमचंही नाही. ती तुम्ही आणा."

मी गल्लीतल्या पाच घरी स्वतः जाऊन पाच सवाशिणींना बोलावणे दिले. पाचही जणींनी मान हलवली. मान हलवण्याचा अर्थ मी होकार असा घेतला.

आता पुन्हा त्या सकाळकडे येतो.

सातच्या सुमाराला मेहुणा आला. पत्नीचा धाकटा भाऊ, अहमदपूरला राहणारा, पहिल्या एसटीने. एका हातात पिशवी. बोलण्यात त्याला कधी कोणी हरवलेले नाही. अंगणातला मांडव त्याने खालून वर पाहिला.

"दाजी, ह्यो मांडव का गोठा?"

"चार बांबू आहेत. पुरेत."

"दिवसा म्होतूर करायलाव, तर मग बँड बी लावायचा की! अर्धं उदगीर झोपलंय आजून, कळणार कसं त्यांला?" मग आवाज खाली आणून त्याने विचारले, "अक्का?"

मी बंद दाराकडे पाहिले. त्यानेही पाहिले.

"बायको का आली नाही तुझी?" मी विचारले.

"गुडघा."

"परवा बाजारात हिंडत होती म्हणे."

"तवाच तर दुखावला, दाजी." माझ्याकडे न पाहता तो बोळातून परसदाराकडे गेला. येताना हातात पिशवी नव्हती. मी त्याबद्दल विचारले नाही. अशा दिवशी बाई भावाजवळ काही तरी मागते, एवढे मला कळत होते.

आठ वाजता आतून सुपाचा आवाज येऊ लागला. पाखडणे, मग निवडणे, मग पुन्हा पाखडणे. रागात असली की ती धान्य निवडते. त्या आवाजाचा मी तेवढाच अर्थ लावला.

साडेनऊला देगलूरची मंडळी आली. नवरामुलगा, त्याची मुलगी आणि त्याचा एक वृद्ध काका. मुलीने नवा फ्रॉक घातला होता. वेणी पुन्हा वाकडी होती.

मेहुणा काकांना म्हणाला, "तुमी देगलूरकडले, तिकडं रोज भात म्हणं. आमच्या पोरीला तर भाकरीच थापता येती."

काका म्हणाले, "थापू द्या की. आम्हाला कुठं रोज आयतं ताट मिळून राहिलंय? दोन वर्षं बाप्याच्या हातचं खातोय. भात हाय का लापशी, इचारून घ्यावं लागतंय."

नवरामुलगा खाली मान घालून हसला. मला तो माणूस आणखी पसंत पडला.

पावणेदहाला मी आतल्या खोलीत गेलो. सूनबाई पाटावर बसली होती. हिरवे लुगडे मी आणले होते, ते ती नेसली होती. कपाळ मोकळे.

"आत्या आल्या का भायेर?" तिने विचारले.

"येतील," मी म्हणालो. त्या दिवशी मी बोललेले हे एकमेव असत्य.

बाहेर येऊन गल्लीकडे पाहिले. पाचही बोलावलेल्या सवाशिणी दिसत होत्या. एक उंबऱ्यात, एक खिडकीत, दोघी एका भिंतीआड, एक नळाच्या ओट्यावर. आमच्या अंगणात एकही नव्हती. त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नव्हता. विधवेच्या लग्नात पहिला हात लावणाऱ्या सवाशिणीचे कुंकू धोक्यात येते, असा समज होता. आपल्या नवऱ्याच्या जिवावर कोणी उदार व्हावे, असे मी म्हणू शकत नव्हतो. एका माणसाच्या चुकीने काय होते, ते मला माहीत होते.

स्वामींनी पूजा मांडली. कलश, विभूती, पाने. सूनबाईला मेहुण्याने बाहेर आणून पाटावर बसवले. तिने एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले. दार बंद होते. तिने मान खाली घातली आणि दोन्ही हातांनी पाटाची कड धरली. ती उठणार, हे मला दिसले. ती उठली असती तर पुन्हा बसली नसती.

स्वामी म्हणाले, "सवाशीण?"

नवरामुलाच्या काकांनी घसा साफ केला.

मी म्हणालो, "ओटीचं सामान तरी मांडतो."

तयारी मी स्वतः केली होती. नारळ, खण, हळकुंड, सुपारी, खारीक. आणि धान्य. ओटीत धान्य असते हे मला माहीत होते. कोणते, हे मी कधी पाहिले नव्हते. पुरुष ते पाहात नाहीत. बहात्तर साली आम्ही रेशनवरची लाल परदेशी ज्वारी, मिलो, खाल्ली होती, कडू आणि कोंदट. तेव्हापासून शाळूची पांढरी ज्वारी हे मला जगातले सगळ्यांत चांगले धान्य वाटत आले आहे. मोंढ्यात त्या वर्षी आलेल्या मालातून मी टपोऱ्या दाण्याची पाच शेर निवडून आणली होती. एकही खडा नव्हता. ते सूप भरून मी बाहेर आणले आणि सूनबाईसमोर ठेवले.

खिडकीतली बाई हसली. मग भिंतीआडच्या दोघी हसल्या. मेहुण्याने कपाळावर हात मारला.

"दाजी, ह्ये काय आणलंव?"

"ओटीचं धान्य."

"ज्वारी?"

"चांगली आहे. बघ."

"आवं, चांगली हाय, पर ओटी भरायची का जात्यावर बसवायचं तिला?"

तेव्हा आतली कडी वाजली.

दार उघडले आणि पत्नी उंबऱ्यात उभी राहिली. केस पाणी लावून बसवलेले, अंगावर ठेवणीतले लुगडे. हे लुगडे ती कधी नेसली, हे मला कळले नव्हते. हातात पितळी डबा होता. ती सुपाकडे पाहात होती, आमच्यापैकी कोणाकडेही नाही.

"ज्वारीनं ओटी भरतेत का कुणी?" ती म्हणाली. इतक्या मोठ्याने ती दहा वर्षांत बोलली नव्हती. "जलमभर माप केलंव, पर बायकाचं एक काम ठाव न्हाई तुमाला. पाच शेर! लेकरू उचलंल का ती ओटी? सरका तिकडं."

मी सरकलो.

तिने डबा उघडला. त्यात तांदूळ होते. निवडलेले, पाखडलेले, एकेक दाणा सारखा. आमच्या घरात तांदूळ सणाला येत असे, तोही पावशेर. तो डबा भरलेला होता. मेहुणा मांडवाच्या बांबूकडे पाहू लागला.

इथवर ती रागाने आली होती. पाटासमोर आल्यावर राग संपला आणि ती थांबली. डबा एका हातात, दुसरा हात मोकळा. सूनबाई मान खाली घालून बसली होती. त्या थांबण्याला किती वेळ गेला, ते मी सांगू शकत नाही. त्या वेळी मी घड्याळ पाहिले नाही.

मग पत्नीने डबा खाली ठेवला. करंडा उचलला.

"वर बघ," ती म्हणाली.

सूनबाईने वर पाहिले नाही.

"मान वर कर गं. नीट लागत न्हाई." आणि मग, अगदी हळू, "मीच पाठवायलेय तुला."

सूनबाईने मान वर केली. पत्नीने हळद लावली, कुंकू लावले. कुंकू जरा तिरपे लागले. तिने पदराचे टोक हातात घेतले, पुसून नीट करण्यासाठी. पदर कपाळापर्यंत नेला आणि तिथून परत घेतला. तसेच तिरपे राहू दिले.

ओटी भरताना ती काही तरी पुटपुटत होती. मला वाटले मंत्र असेल. जवळ असलेल्या मेहुण्याने नंतर सांगितले की ती दोन्ही मुलांची नावे घेत होती.

मग नळाच्या ओट्यावरची बाई अंगणात आली. तिच्यामागे खिडकीतली. मग बाकीच्या तिघी. बोलावणे मी आठ दिवसांपूर्वी दिले होते.

लग्न दहा वाजून वीस मिनिटांनी लागले. मी हात धरून सूनबाई दिली. स्वामींनी विचारले, "कन्येचा पिता कोण म्हणून सांगू?" मी म्हणालो, "मी." अक्षता पडल्या. मेहुण्याने तोंडाने सनई वाजवल्यासारखा आवाज काढला आणि पत्नीने त्याच्याकडे पाहताच तो थांबला.

जेवणात भात होता. उरलेला तांदूळ तिने शिजवला होता. देगलूरच्या काकांनी तीनदा वाढून घेतला. पत्नीने त्या मुलीला शेजारी बसवले, वेणी सोडून पुन्हा घातली आणि म्हणाली, "बापाला सांग, केसाला आता हात लावायचा न्हाई." मुलीने बापाला तसे सांगितले.

माझी ज्वारी सुपात तशीच होती. निघायच्या वेळी पत्नीने ती पिशवीत भरून तोंड शिवले आणि ट्रंकेवर ठेवली. "भाकरी करून घाल सगळ्यांला," एवढेच सांगितले.

तीनची लातूर गाडी होती. स्टँडवर मी आणि मेहुणा गेलो. पत्नी दारापर्यंत आली. सूनबाईने तिच्या पायावर डोके ठेवले. उठवायला पत्नीला वेळ लागला.

गाडीत बसल्यावर सूनबाईने खिडकीतून विचारले, "मामा, आता तुमाला काय म्हणायचं?"

"मामाच म्हण," मी म्हणालो. "सवय आहे."

"आन् आत्याला?"

"तिला विचार. पुढच्या वेळी येशील तेव्हा."

तिने डोळे पुसले. मुलगी तिच्या मांडीवर चढून बसली. कंडक्टरने घंटी दिली. मेहुणा गाडीबरोबर दहा पावले चालत गेला आणि काही तरी ओरडला, ते मला ऐकू आले नाही. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा तीन वाजून सात मिनिटे झाली होती. तिथूनच तो अहमदपूरच्या गाडीकडे वळला. जाताना म्हणाला, "दाजी, तांदूळ अक्कानं दोन हप्त्यापास्नं सांगून ठिवलं होतं. मला म्हणली, दाजीला कळलं तर बघ."

"कळलं नाही," मी म्हणालो.

"त्येच म्हणायलोय."

घरी आलो. मांडवाचे बांबू सोडून भिंतीला उभे केले. दोर गुंडाळून ठेवला. पत्नी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. दार उघडे होते. कुंकवाचा करंडा तिच्या मांडीवर होता आणि झाकण लावलेले नव्हते. मी शेजारी बसलो. ती म्हणाली, "पानी यायचा दिवस हाय आज."

"माहीत आहे."

"कोण आणील?"

"मी."

"बायकात?"

"हाव."

सव्वापाचला दोन्ही घागरी घेऊन मी नळावर गेलो आणि रांगेच्या शेवटी ठेवल्या. दहा-बारा बाया होत्या. बोलणे थांबले. खिडकीतून हसलेली बाई म्हणाली, "काका, पुढं या. तुमाला कशाला उभं राहायचं?"

"नंबरानं येतो," मी म्हणालो.

त्यांचे बोलणे पुन्हा सुरू झाले. माझा नंबर यायला पाऊण तास लागला. दोन्ही घागरी भरल्या, एक खांद्यावर, एक हातात. वाटेत दोनदा टेकलो. सूनबाई हे कसे न सांडता आणत होती, कोणास ठाऊक. माझे धोतर गुडघ्यापर्यंत भिजले. घरी येऊन रांजण विसळला, तोंडाला फडके बांधले, दोन्ही घागरी गाळून ओतल्या आणि वर झाकण ठेवले.